आतड्यातील प्रतिकारयंत्रणेचे नियमन: समजून घेण्याची एक पद्धत

आतड्यातील प्रतिकारयंत्रणेविषयी वाचायला बसलेला माणूस बहुधा दोन ठिकाणी अडतो. पहिली अडचण नावांची. पेशींची, रेणूंची आणि जनुकांची इतकी नावे एकामागून एक येतात की दुसऱ्या पानावर पोहोचेपर्यंत पहिल्या पानावरचे काही आठवत नाही. दुसरी अडचण अधिक खोल असून ती सहसा लक्षातही येत नाही. प्रतिकार म्हणजे शत्रूशी लढाई हे चित्र मनात पक्के बसलेले असते, आणि आतड्यात मात्र ही यंत्रणा दिवसातला जवळजवळ सगळा वेळ न लढण्यात घालवते. तिच्यासमोरून रोज अन्नातील नाना प्रकारची परकी प्रथिने जातात, मोठ्या आतड्यातील दर ग्रॅम ऐवजात सुमारे १०० अब्ज जीवाणू वस्तीला असतात, यांतील कशावरही तुटून पडायचे नाही आणि यांच्याच आडून खरा रोगजंतू आला तर त्याला सोडायचेही नाही, असे दुहेरी काम तिच्याकडे आहे. म्हणून अभ्यासाला बसताना 'ही पेशी कशावर हल्ला करते' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि 'हिला कोण आवरते आहे' हा प्रश्न आधी विचारावा. पुढे सांगितलेली पद्धत या एका बदलावर उभी आहे.

आधी छेद काढावा

कोरा कागद घेऊन त्यावर आतड्याच्या भिंतीचा उभा छेद काढावा. चित्रकला येण्याची गरज नाही. एकाखाली एक असे पाच पट्टे पुरतात. सर्वांत वर आतड्याची पोकळी, जिथे अन्न आणि जीवाणू असतात. तिच्याखाली श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा थर. त्याखाली आवरणपेशींची ओळ. तिच्याखाली लॅमिना प्रोप्रिया नावाचे सैल ऊतक, ज्यात प्रतिकारपेशींची खरी दाटी असते. आणि सर्वांत खाली, भिंतीच्या बाहेर पडून लसीकावाहिनीने जोडलेल्या आंत्रबंधातील, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातील, लसीका गाठी. लहान आतड्याच्या चित्रात एका ठिकाणी आवरणपेशींच्या ओळीखाली एक छोटा घुमट काढून ठेवावा. हा पेयर यांचा पट्टा. योहान कोन्राड पेयर या स्विस वैद्याने १६७७ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा लिम्फोसाइट, म्हणजे तिथे दाटलेल्या प्रतिकारपेशी, म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हते.

या चित्रात सर्वांत थक्क करणारा पट्टा तिसरा आहे. बाहेरचे जग आणि शरीर यांच्यामध्ये आवरणपेशींचा फक्त एक थर असतो आणि तोही दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो. क्रिप्ट नावाच्या खोलगट नळ्यांच्या तळाशी असलेल्या मूळपेशी सतत विभागतात, नव्या पेशी वर सरकत जातात आणि टोकाला पोहोचल्या की गळून पडतात. आतड्याच्या आतील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असते, असे जुन्या पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळे. नव्या मोजणीनुसार ते सुमारे ३० ते ४० चौरस मीटर भरते. तेवढी जागासुद्धा एका पेशीच्या जाडीच्या पडद्याने राखायची म्हणजे काम सोपे नाही.

दुसऱ्या पट्ट्याबाबत विद्यार्थ्यांची एक ठरलेली चूक होते, आणि ती करण्यात त्यांचा दोष नसतो. प्रयोगशाळेतील नेहमीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की आवरणपेशींच्या ओळीत मधूनमधून फुगीर, पेल्याच्या आकाराच्या गॉब्लेट पेशी दिसतात. ॲल्शियन ब्लू हे रंगद्रव्य वापरले असेल तर त्यांचे पोट गडद निळे दिसते. त्यांच्या वर मात्र काहीच नसते, किंवा फार तर निळसर धाग्यांचा चुरा असतो, आणि जीवाणू थेट पेशींना टेकून बसल्यासारखे वाटतात. ही फसगत नमुना टिकवण्याच्या पद्धतीने केलेली असते. नेहमीच्या फॉर्मेलिनमध्ये पाणी असते, त्यात श्लेष्माचा थर आक्रसतो आणि वाहून जातो. तोच तुकडा कार्नॉय यांच्या पाणीविरहित द्रावणात टिकवला, तर मोठ्या आतड्यात दोन थर स्पष्ट उमटतात: बाहेरचा सैल आणि जीवाणूंनी भरलेला, आतला घट्ट आणि जवळजवळ निर्जंतुक. जीवाणू आणि पेशी यांच्यामधली ही मोकळी पट्टी ज्याने एकदा पाहिली, त्याला नियमनाची निम्मी गोष्ट कळली असे मी मानतो. लढाई टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे अंतर राखणे, आणि आतडे तो मार्ग आधी वापरते.

हे अंतर राखणारे घटक कागदावर त्या त्या पट्ट्यात लिहून ठेवावेत. गॉब्लेट पेशी एमयूसी२ नावाचे प्रथिन स्रवतात, त्याचे जाळे म्हणजे श्लेष्म. लहान आतड्यात श्लेष्माचा थर एकच आणि सैल असतो, कारण तिथे अन्नातील पोषकद्रव्ये शोषून घ्यायची असतात; ती उणीव क्रिप्टच्या तळाशी बसलेल्या पॅनेथ पेशी भरून काढतात. त्या डिफेन्सिन, लायसोझाइम असे जीवाणूनाशक रेणू सोडतात. आवरणपेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे दोन पेशींमधल्या फटीतून मोठे रेणू सहसा आत येत नाहीत.

प्रत्येक नावाला 'कुठे' हा प्रश्न विचारावा

छेद तयार झाला, की वाचनात येणारे प्रत्येक नवे नाव त्यावर बसवावे, आणि ते बसवताना जागेबद्दल काटेकोर राहावे. आतड्यातील नियमन मोठ्या प्रमाणावर जागेचे नियमन आहे. तोच रेणू वरच्या बाजूला निरुपद्रवी असतो आणि खालच्या बाजूला धोक्याची घंटा ठरतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण टीएलआर५ या ग्राहकाचे, म्हणजे विशिष्ट रेणू ओळखून पेशीला खबर देणाऱ्या प्रथिनाचे आहे. जीवाणूंच्या शेपटीतील फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखण्याचे काम तो करतो. आतड्याच्या पोकळीत शेपटीवाले जीवाणू सदैव असतात, तेव्हा हा ग्राहक आवरणपेशीच्या वरच्या टोकाला असता तर दाहाची घंटा अखंड वाजत राहिली असती. तो प्रामुख्याने पेशीच्या खालच्या आणि बाजूच्या पृष्ठभागावर बसवलेला असतो. तिथपर्यंत फ्लॅजेलिन पोहोचले याचा अर्थ कोणीतरी भिंत ओलांडली आहे, आणि तेव्हाच घंटा वाजणे योग्य असते.

आयजीए या प्रतिपिंडाचीही जागा अशीच पाहावी. लॅमिना प्रोप्रियामधील प्लाझ्मा पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, ते जोडीच्या स्वरूपात बनवतात, आवरणपेशी खालच्या बाजूने त्याला पकडून स्वतःमधून वर नेतात आणि पोकळीत सोडतात. प्रौढ माणसाच्या आतड्यात असे सुमारे ३ ते ५ ग्रॅम आयजीए रोज सोडले जाते. हे प्रतिपिंड जीवाणूंना चिकटते, त्यांचे पुंजके करते, त्यांना श्लेष्मात अडकवून ठेवते. इतर प्रतिपिंडांप्रमाणे ते दाहाची साखळी जोरात सुरू करत नाही. म्हणजे ते मारण्यापेक्षा लांब ठेवण्याचे काम करते. तोंडावाटे दिलेली पोलिओची लस आतड्यात आयजीए तयार करते आणि टोचून दिलेली लस ते फारसे करत नाही, हा फरकसुद्धा जागेचाच आहे.

इथे एक आकडा दुरुस्त करून घ्यावा. 'शरीरातील ७० टक्के प्रतिकारशक्ती आतड्यात असते' हे वाक्य जाहिरातींपासून भाषणांपर्यंत सगळीकडे आढळते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींपुरते ते खरे आहे. त्यांच्यातील बहुसंख्य आतड्यातच असतात. सगळ्या प्रतिकारपेशींची गणती केली तर अस्थिमज्जा, लसीका गाठी आणि प्लीहा यांचा वाटा फार मोठा निघतो. वाक्य सुटसुटीत आहे म्हणून ते खरे मानू नये.

चौथ्या पट्ट्यात भक्षक पेशी लिहाव्यात. त्वचेखाली किंवा फुप्फुसात जीवाणू गिळल्यावर भक्षक पेशी दाहकारक संदेश सोडून इतरांना बोलावतात. आतड्यातील भक्षक पेशी जीवाणू गिळतात, मारतातही, पण आरडाओरडा करत नाहीत. उलट आयएल-१० हा शांत करणारा संदेश सोडतात. चुकून आत शिरलेल्या चारदोन जीवाणूंचा निकाल गाजावाजा न करता लावणे, ही त्यांची खासियत.

एका घासाचा माग काढावा

आता चित्रात हालचाल आणावी. अन्नातील एखादे प्रथिन निवडावे आणि त्याच्यामागोमाग लसीका गाठीपर्यंत जावे. बहुतेक प्रथिनांचे पचनात तुकडे होतात, तरी थोडासा अंश न पचता भिंतीपर्यंत येतो. पेयर यांच्या पट्ट्यावर एम पेशी नावाच्या खास पेशी असतात. त्यांच्यावर श्लेष्म कमी असतो आणि त्या पोकळीतले कण, विशेषतः जीवाणू, उचलून खालच्या घुमटात सोडतात. इतरत्र गॉब्लेट पेशींमधून आणि आवरणपेशींमधूनही विरघळलेली प्रथिने आत येतात. यंत्रणा स्वतःहून बाहेरचे नमुने आत घेत असते, हे इथे नीट ध्यानात घ्यावे. जे पाहिलेच नाही ते सहन करायला शिकणार कसे?

आत आलेला नमुना डेंड्रिटिक पेशी उचलतात आणि लसीकावाहिनीतून आंत्रबंधातील गाठीत घेऊन जातात. तिथे त्या तो कोऱ्या टी पेशींना, म्हणजे अजून कोणतेही काम न ठरलेल्या प्रतिकारपेशींना दाखवतात. टी पेशी पुढे काय बनणार हे केवळ काय दाखवले यावर ठरत नाही, ते दाखवताना सोबत कोणते संदेश होते यावर ठरते. शांत आतड्यातून आलेल्या डेंड्रिटिक पेशी अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवतात आणि सोबत टीजीएफ-बीटा हा संदेश असतो. या दोहोंच्या संगतीत कोऱ्या टी पेशीत फॉक्सपी३ हे जनुक चालू होते आणि ती नियामक टी पेशी बनते. याच रेटिनॉइक आम्लामुळे तिच्या पृष्ठभागावर अल्फा४-बीटा७ नावाचा रेणू येतो. तो म्हणजे आतड्याचा पत्ता. रक्तातून फिरताना ही पेशी हा पत्ता दाखवून पुन्हा आतड्याच्या भिंतीत उतरते आणि त्या प्रथिनाविरुद्ध उठणाऱ्या इतर पेशींना दाबून ठेवते. कागदावर या पत्त्याभोवती गोल करून ठेवावा. शेवटी तो लागणार आहे.

या सगळ्याला मौखिक सहनशीलता म्हणतात. गिनीपिगला एखादे प्रथिन आधी खाऊ घातले तर नंतर तेच टोचल्यावर जीवघेणी प्रतिक्रिया येत नाही, हे १९११ मध्येच दाखवले गेले होते. तरीही पुढे कित्येक वर्षे ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाण्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला जाई. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तो सल्ला उलटा केला. ४ ते ११ महिने वयाची, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे तिच्यात होती. पाच वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा टाळलेल्या गटात १७.२ टक्के मुलांना त्याची ॲलर्जी झाली, नियमित खाऊ घातलेल्या गटात ३.२ टक्के. अर्थात बाळाला तीव्र इसब असेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारूनच द्यावा. आणि अख्खा दाणा तर लहान बाळाला कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

ब्रेक काढून पाहावा

एखाद्या यंत्रातील भागाचे काम कळत नसेल तर तो भाग काढल्यावर काय बिघडते ते पाहावे. आतड्याबाबत हे प्रयोग निसर्गाने केले आहेत, प्रयोगशाळांनी केले आहेत आणि औषधांनी नकळत केले आहेत. तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत.

फॉक्सपी३ जनुकात जन्मतः दोष असलेल्या मुलग्यांना आयपेक्स नावाचा दुर्मिळ आजार होतो. अगदी तान्ह्या वयात न थांबणारे जुलाब, इसब, मधुमेह असे एकामागून एक सुरू होते, कारण नियामक टी पेशीच तयार होत नाहीत. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींची ओळख पटवली, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये जनुक शोधले आणि २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

दुसरा ब्रेक आयएल-१०. ज्या उंदरांमधून या संदेशाचे जनुक काढले त्यांना मोठ्या आतड्याचा दाह होतो, हे १९९३ मध्ये दिसले. पण तेच उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले तर दाह होत नाही. या एका जोडप्रयोगावर थोडा वेळ थांबावे. ब्रेक नसलेली गाडी उभी असेल तोवर काही बिघडत नाही. ती चालवणारे जीवाणू आले की अपघात होतो. म्हणजे दोष एकट्या जनुकात नाही आणि एकट्या जीवाणूंतही नाही. पुढे २००९ मध्ये काही तान्ह्या मुलांमध्ये आयएल-१० च्या ग्राहकातच दोष सापडला. त्यांना अत्यंत तीव्र आंत्रदाह होता आणि अस्थिमज्जेच्या पेशींचे प्रत्यारोपण हा त्यावर उपाय ठरू शकला.

तिसरा पुरावा कर्करोगाच्या औषधांचा. टी पेशींवरील सीटीएलए-४ हा ब्रेक अडवणारे इपिलिमुमॅब हे औषध २०११ मध्ये वापरात आले. अर्बुदाविरुद्ध टी पेशी मोकळ्या सुटाव्यात हा त्याचा हेतू, पण अनेक रुग्णांना जुलाब आणि आंत्रदाह झाला. कोणताही नवा जंतू आत आला नव्हता, फक्त आवरणारा हात दूर केला होता.

मात्र इतके वाचून प्रत्येक रेणूवर 'ब्रेक' किंवा 'ॲक्सिलरेटर' अशी चिठ्ठी चिकटवण्याचा मोह टाळावा. मलाही तो बरीच वर्षे होता. आयएल-१७ हा संदेश दाह वाढवणारा, म्हणून तो अडवला तर क्रोन्स हा आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार शमेल, असा तर्क अगदी सरळ होता. सोरायसिसमध्ये तो बरोबर ठरला. क्रोन्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सेक्युकिनुमॅबच्या चाचणीत उपयोग तर झाला नाहीच, काही रुग्णांची स्थिती अधिक बिघडली. कारण आतड्यात हाच आयएल-१७ आवरणपेशींचे सांधे घट्ट ठेवण्यास मदत करतो. दाह भडकवणारा हात आणि भिंत लिंपणारा हात इथे एकच आहे. याउलट, त्याच मार्गावर एक पायरी वर असलेला आयएल-२३ अडवणारी औषधे क्रोन्समध्ये उपयोगी ठरली. रेटिनॉइक आम्लाचेही तसेच. उंदरांवरील प्रयोगांत त्याच्यासोबत आयएल-१५ भरपूर असले की ते सहनशीलतेऐवजी अन्नातील ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनाविरुद्धच्या दाहाला हातभार लावते. म्हणून कागदावर रेणूच्या नावाशेजारी त्याचे काम लिहिताना 'कुठे' आणि 'कोणाच्या संगतीत' हे दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जीवाणूंकडून काय येते ते खाली लिहावे

आतापर्यंत सगळे बाण शरीराकडून निघाले. आता पहिल्या पट्ट्यातून खाली येणारे बाण काढावेत. आपण पचवू न शकणारे तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जीवाणू ते आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी मेदाम्ले बनवतात. यांपैकी ब्युटिरेटचे दोन बाण महत्त्वाचे आहेत.

पहिला बाण टी पेशींकडे जातो. ब्युटिरेट पेशीतील डीएनएची गुंडाळी सैल ठेवते, त्यामुळे फॉक्सपी३ जनुक चालू होणे सोपे जाते आणि मोठ्या आतड्यात नियामक टी पेशी वाढतात. हे २०१३ मध्ये उंदरांत दाखवले गेले. दुसरा बाण मला अधिक सुंदर वाटतो. मोठ्या आतड्याच्या आवरणपेशींचे मुख्य इंधन ब्युटिरेटच आहे. ते जाळताना त्या प्राणवायू खर्च करतात, त्यामुळे पोकळीकडे प्राणवायू जवळजवळ झिरपतच नाही, आणि प्राणवायू नसला की ब्युटिरेट बनवणारे जीवाणूच तिथे सुखाने नांदतात. प्रतिजैविकांनी हे जीवाणू घटले, की पेशींचे इंधन तुटते, प्राणवायू उरतो, आणि त्याचा फायदा साल्मोनेलासारख्या प्राणवायू वापरू शकणाऱ्या जंतूंना मिळतो. हे चक्र कागदावर गोलाकार बाणांनीच काढावे. सरळ रेषेत ते मावत नाही.

तंतुमय पदार्थ मिळाले नाहीत तर काही जीवाणू श्लेष्मातील साखरेवर उपजीविका करू लागतात. तंतुविरहित आहार दिलेल्या उंदरांत श्लेष्माचा थर पातळ झाला आणि आतड्याचा संसर्ग अधिक गंभीर झाला, असे २०१६ मध्ये दिसून आले. छेदातील दुसरा पट्टा म्हणजे वरच्या रहिवाशांच्या उपासमारीवेळचे कोठार आहे, असे म्हणता येईल.

हा कागद रोजच्या निर्णयांत कसा वापरावा

तंतुमय पदार्थ वाढवायचे तर एकाच चूर्णावर भिस्त ठेवण्यापेक्षा अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे असे विविध स्रोत घ्यावेत, कारण वेगवेगळे जीवाणू वेगवेगळे तंतू आंबवतात. मात्र प्रमाण हळूहळू वाढवावे. एकदम वाढवल्यास पोटात वायू धरतो आणि माणूस तिसऱ्या दिवशी सगळे सोडून देतो. आतडे अरुंद झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. अ जीवनसत्त्वाची कमतरता नियमनाला मारक आहे याचा अर्थ गोळ्यांचा मारा करावा असा नाही: अतिरेकाने यकृताला इजा होते आणि गर्भालाही अपाय होतो.

प्रतिजैविके गरज असताना घ्यावीत आणि सर्दीसारख्या विषाणूजन्य आजारांत मागू नयेत. त्यांच्यानंतर उद्भवणारा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल या जंतूचा संसर्ग आतड्यातील नेहमीचे जीवाणू घटल्याचाच परिणाम आहे. नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत पुन्हा पुन्हा हा संसर्ग होणाऱ्या १६ रुग्णांना निरोगी दात्याच्या मलातील जीवाणू दिले गेले आणि पहिल्याच वेळी १३ जण बरे झाले. केवळ व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक मिळालेल्या १३ पैकी ४ बरे झाले. हा उपाय रुग्णालयातच, तपासलेल्या दात्याकडूनच व्हायला हवा हे सांगायला नको, तरी सांगून ठेवतो.

'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकच्या डबीवर जिवाणूची नेमकी जात आणि उपजात लिहिली आहे का, आणि त्याच उपजातीची त्याच त्रासासाठी माणसांवर चाचणी झाली आहे का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. 'वाढवणारे' हे क्रियापद तर इथे मुळातच चुकीचे आहे. आंत्रदाहाच्या रुग्णाकडे प्रतिकार कमी नसतो, अनावर असतो. 'गळके आतडे' या नावाखाली सांगितल्या जाणाऱ्या निदानाबाबतही सावध राहावे. भिंतीची पारगम्यता अनेक आजारांत वाढते हे खरे, पण ती स्वतंत्र आजार म्हणून उपचारांसह विकणे वेगळे.

तपासण्यांच्या बाबतीत कागद फार उपयोगी पडतो. सीलिॲक या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजारात ग्लूटेनचे तुकडे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या रेणूंवरून टी पेशींना दाखवले जातात आणि शरीर ट्रान्सग्लुटॅमिनेज या स्वतःच्याच विकराविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. रक्ततपासणीत तीच आयजीए प्रकारची प्रतिपिंडे शोधतात. यातून दोन सूचना आपोआप निघतात. तपासणीआधी ग्लूटेन बंद करू नये, कारण उद्दीपक थांबला की प्रतिपिंडे उतरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येतो. आणि सोबत एकूण आयजीएही मोजून घ्यावे, कारण काही माणसांत मुळात आयजीएच बनत नाही. त्यांचा निर्दोष अहवाल काहीच सिद्ध करत नाही. अन्नपदार्थांविरुद्धचे आयजीजी हे दुसऱ्या प्रकारचे प्रतिपिंड मोजून भलीमोठी वर्ज्य यादी देणाऱ्या तपासण्या मात्र टाळाव्यात. ते प्रतिपिंड बहुतेक वेळा तो पदार्थ खाण्यात आहे एवढेच सांगते.

मलातील कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या दाहाच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशींमधले प्रथिन आहे. ते वाढलेले असणे म्हणजे न्यूट्रोफिल भिंत ओलांडून पोकळीत आले आहेत, म्हणजेच छेदातील पेशी चुकीच्या पट्ट्यात सापडली आहे. दाहाचा आजार आणि केवळ चिडखोर आतडे यांतला फरक करायला ही तपासणी मदत करते, तरी काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते, म्हणून घेत असलेली औषधे डॉक्टरांना सांगावीत. मलात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा ताप यांपैकी काही असेल तर आहाराचे प्रयोग करत बसू नये, तपासणी करून घ्यावी. आणि चालू असलेले औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये.

पद्धत अंगवळणी पडली की नाही हे पाहण्यासाठी एक सराव करावा. वेडोलिझुमॅब हे आंत्रदाहाचे औषध २०१४ पासून वापरात आहे, ते अल्फा४-बीटा७ ला चिकटते. मघाशी गोल केलेला पत्ता तो हाच. आता हे औषध कागदावर कुठे लिहायचे? पोकळीत नाही, श्लेष्मात नाही, आवरणपेशींवरही नाही. ते रक्तातील पेशीवर बसते आणि आतड्याच्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर तो पत्ता वाचणाऱ्या मॅडकॅम-१ या रेणूपर्यंत तिला पोहोचू देत नाही. याआधीचे नॅटालिझुमॅब अल्फा४ असलेला प्रत्येक पत्ता झाकत असे, त्यात मेंदूकडे जाणाऱ्या पेशींचाही, आणि त्यामुळे क्वचित मेंदूचा गंभीर विषाणूसंसर्ग डोके वर काढी. वेडोलिझुमॅब आतड्यापुरताच पत्ता झाकते. मात्र भिंतीत आधीच उतरलेल्या पेशींना ते हात लावत नाही. म्हणूनच त्याचा परिणाम पहिल्या आठवड्यात शोधू नये. तो पाहायला बहुधा १० ते १४ आठवडे थांबावे लागते.